जुळं आहे, रिपोर्टात ‘डीसीडीए’ लिहिलंय, म्हणजे एकसारखी की वेगळी?

लोकमान्यनगरची_सून

नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते, वय 29, पहिलंच बाळंतपण. काल एनटी स्कॅन (तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी) झालं, 12 आठवडे 4 दिवस, आणि दोन्ही बाळं नीट दिसली, दोघांचे ठोके ऐकले. तसं सातव्या आठवड्यातच डॉक्टर म्हणाल्या होत्या की दोन दिसतायत पण इतक्यात कोणाला सांगू नका, कधी कधी एक सुरुवातीलाच विरून जातं, म्हणून आम्ही दोघांनी पाच आठवडे कुणाला काही कळू दिलं नाही. काल घरी सांगितलं तर सासूबाई रडायलाच लागल्या, लगेच खजराना गणपतीला नारळ बोलल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या अर्ध्या गल्लीला माहीत.

आता प्रत्येकाचं वेगळंच चालू आहे. सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात जुळं आहेच, ह्यांचे आजोबा जुळे होते आणि दोघे इतके सारखे की मास्तर एकाच्या चुकीची छडी दुसऱ्याला मारायचे, म्हणजे ही पण तशीच होणार, आणि त्यांनी एकाच कापडाच्या दोन कुंच्या शिवायचं पण ठरवून टाकलंय. शेजारच्या काकू म्हणतात वार (प्लॅसेंटा) दोन आहेत ना, मग दोन वेगळीच. माझी मावशी विचारून राहिली आहे की जोडकेळं खाल्लं होतंस का. आणि एक बाई तर असं बोलून गेल्या की मुलगा-मुलगी निघाली तर मुलीला पुढे मूल होत नाही, त्या वाक्याने मी रात्री झोपले नाही.

रिपोर्टात ‘डायकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक, लॅम्डा साइन प्रेझेंट’ असं आहे. बाहेर इतकी गर्दी होती की सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं आणि माझ्या डॉक्टरांची तारीख दहा दिवसांनी आहे. मला हे समजून घ्यायचंय की एकसारखी किंवा वेगळी हे पोटात नक्की ठरतं कधी आणि कसं, आणि ह्या रिपोर्टवरून काही कळतं का? ज्यांना माहिती आहे किंवा ज्यांची स्वतःची जुळी आहेत त्यांनी प्लीज सांगा.

रामबाग_डबल

आधी खूप खूप अभिनंदन गं! माझ्या दोघी आता नऊ वर्षांच्या आहेत, आणि तुझ्या काकूंनी जे सांगितलं ना तेच मला माझ्या डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं होतं, दोन वार निघाल्यात म्हणजे मुली वेगवेगळ्या. आम्ही तेच धरून चाललो. वजन पण वेगळं होतं, मोठीचं 2.4 किलो आणि धाकटीचं 1.9, चेहऱ्यात पण तेव्हा फरक वाटायचा, एकीचा गोल एकीचा निमुळता. पण वर्ष उलटल्यावर दोघी अशा सारख्या व्हायला लागल्या की माझ्या आईला फोटोत ओळखता यायच्या नाहीत, आणि जो भेटेल तो म्हणायचा ह्या आयडेंटिकलच आहेत, आणि मी प्रत्येकाला ठासून सांगायची की नाही हो, वार दोन होत्या.

शेवटी धाकटीच्या एका आजारपणात डॉक्टरांनी सुचवलं म्हणून गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन डीएनए टेस्ट केली. एकबीज निघाल्या. एकाच बीजापासून झालेल्या दोन मुली. मी तो कागद घेऊन किती तरी वेळ तशीच बसून होते, इतकी वर्षं मी सगळ्यांना चुकीचं सांगत होते आणि त्यांनाही चुकीचंच सांगितलं होतं.

म्हणून तुला सांगते, दोन वार म्हणजे वेगळी असं कोणी कितीही पक्कं सांगितलं तरी त्याने ठरत नाही.

आणि एक गंमत सांगते. पाच वर्षांच्या झाल्यावर आधारला बोटांचे ठसे द्यायला नेलं होतं तेव्हा मला धाकधूक होती की मशीन दोघींना एकच समजेल. तसं काही झालं नाही, दोघींचे ठसे वेगळे आले. घरी येऊन मी भिंग घेऊन दोघींचे अंगठे पाहिले, मोठीच्या उजव्या अंगठ्यावर चक्र आहे आणि धाकटीच्या अंगठ्यावर शंख. एकाच बीजाच्या मुली आणि हे असं! ते का होतं ते मला नीट सांगता येणार नाही, इथे कोणी शिकवणारे असतील तर सांगा.

निवृत्त_मास्तर_इंदूर

मी 34 वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, डॉक्टर नाही, तेव्हा औषधपाण्याचं काही सांगणार नाही, पण पोटात काय घडतं ते सांगतो. सूनबाई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, मुलांना शिकवताना मला हाच धडा सगळ्यात आवडायचा.

दोन वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सुरुवातच वेगळी आहे. एका प्रकारात त्या महिन्यात आईकडून एकाऐवजी दोन बीजांडं बाहेर पडतात आणि दोन वेगळ्या शुक्राणूंनी ती दोन्ही फळतात. ही द्विबीज जुळी, नात्याने सख्खी भावंडं जितकी असतात तितकीच, फक्त एका वेळी पोटात राहिलेली. दुसऱ्या प्रकारात बीजांड एक, शुक्राणू एक, फळून गर्भ तयार व्हायला लागतो आणि मग त्या इवल्याशा गर्भाचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भाग पूर्ण बाळ बनतो. ही एकबीज. आपल्या सुश्रुतसंहितेत सुद्धा बीज आतल्या आत वायूने दुभंगलं की जुळं होतं असं लिहिलेलं आहे. वायूचं सोडा, पण एकाच बीजाचे दोन भाग होतात ही कल्पना त्या काळी कोणाच्या तरी मनात आली होती ह्याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

आता वारेचा घोटाळा. तो कळायला दिवस मोजावे लागतात, आणि हे दिवस गर्भ फळल्यापासूनचे बरं का, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात त्यामुळे त्यांचा हिशोब दोन आठवडे पुढे असतो. फळलेलं बीज मोठं किती, तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. साधारण तीस तासांत त्याच्या दोन पेशी होतात, मग चार, आठ, तिसऱ्या चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा गोळा होतो, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास त्या गोळ्यात पहिल्यांदा कामाची वाटणी होते, बाहेरच्या पेशी पुढे वार बनवणार आणि आतला छोटासा पुंजका बाळ बनणार. आठव्या दिवसाच्या सुमारास आतली पाण्याची पिशवी, म्हणजे गर्भजलाचं आवरण, बनायला लागतं.

रामबागेतले जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांच्यासाठी असं सांगतो. दोन भावांची वाटणी कधी झाली ह्यावर सगळं अवलंबून आहे. घर बांधायच्या आधीच, पहिल्या तीन दिवसांत वाटणी झाली तर दोघे आपापलं घर बांधतात, बाहेरची भिंत वेगळी, खोली वेगळी, म्हणजे वार दोन आणि पिशव्या दोन, तुमच्या रिपोर्टातलं ‘डायकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’ (डीसीडीए) ते हेच. बाहेरची भिंत उभी राहिल्यावर, चौथ्या ते आठव्या दिवसात वाटणी झाली तर वाडा एकच पण खोल्या दोन, वार एक आणि पिशव्या दोन. आठव्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत झाली तर खोली सुद्धा एकच, दोन्ही बाळं एकाच पाण्यात. आणि त्याही नंतर झाली तर वाटणी पुरी होतच नाही, शरीरं जोडलेली राहतात, ते फार म्हणजे फारच क्वचित.

एकबीज जुळ्यांतली सुमारे पाव ते एक तृतीयांश पहिल्या प्रकारात मोडतात, दोन वार दोन पिशव्या. रामबागच्या ताईंच्या मुली त्यातल्याच. उरलेल्यांतल्या बहुतेकांची वार एक आणि पिशव्या दोन असतात, आणि एकाच पिशवीतली शंभरात एखाद-दोन. द्विबीज जुळ्यांचं मात्र घर पहिल्यापासूनच वेगळं, त्यांच्या वार दोनच. म्हणजे वार एक असेल तर एकबीज असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं, पण वार दोन असतील तर दोन्ही शक्यता उरतात. काकूंचं वाक्य उलट्या बाजूने बरोबर आहे. त्यात आणखी गंमत अशी की द्विबीज बाळं गर्भाशयात शेजारी शेजारी रुजली तर दोन वार वाढता वाढता एकमेकींना चिकटतात आणि बाळंतपणानंतर सुईणीला एकच वार दिसते, जुन्या काळी कितीतरी वेगळी जुळी त्यामुळे एकसारखी ठरली असतील.

सासूबाईंच्या घराण्याचं पण सांगतो. एकबीज जुळी सहसा घराण्यात चालत नाहीत, जगात कुठेही जा, हजार बाळंतपणांत साधारण तीन-चार. द्विबीजांचं तसं नाही, ती वंशावर, आईच्या वयावर अवलंबून असतात, नायजेरियातल्या योरुबा लोकांत खूप जास्त आणि जपानात कमी. दोन बीजांडं एकदम तयार होण्याचा कल आईकडे असावा लागतो, 2016 मध्ये त्याच्याशी संबंध असलेली दोन जनुकं पण सापडली. पण बीजांडं तुमची आहेत, तुमच्या नवऱ्याची नाहीत, त्यामुळे त्यांच्या आजोबांचा ह्या बाळांशी ह्या बाबतीत संबंध लागत नाही, आणि ते आजोबा इतके हुबेहूब होते तर ते बहुधा एकबीज, ते तर सहसा घराण्यात उतरत नाही. तुमच्या माहेरी कोणी जुळं आहे का ते बघा, आईकडचं किंवा वडिलांकडचं, दोन्ही चालतं. जोडकेळ्याचा मात्र काहीही संबंध नाही, खुशाल खा.

आणि बोटांचे ठसे. ते नुसते जनुकांवर ठरत नाहीत. साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात बोटांच्या टोकांवरच्या उशा किती फुगलेल्या आहेत, त्वचा कशी ताणली जाते, बोटं पाण्यात कुठे कशी हलतात, ह्या बारीक बारीक गोष्टींनी त्या रेषा उमटतात, आणि एकाच पोटात असूनही दोघांची जागा तर वेगळीच असते. जनुकं सुद्धा शंभर टक्के सारखी राहत नाहीत, आइसलंडच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की एकबीज जुळ्यांत गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला घडलेले सरासरी 5.2 बदल वेगळे निघतात. वजनाचा फरक तर वारेतला वाटा आणि नाळ कुठे जोडली गेली त्यावरून पण पडतो. सूनबाई, तुमच्या बाळांचे ठसे आत्ता ह्या आठवड्यांत उमटतायत.

लोकमान्यनगरची_सून

सर, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाड्याचं उदाहरण सासूबाईंना लगेच कळलं, त्यांचं माहेर जुन्या वाड्यातलं आहे, फक्त आजोबांचा संबंध नाही हे त्यांना अजून पटत नाहीये. लॅम्डा म्हणजे काय ते कोणी सांगेल का?

काळापांढरा_पडदा

मी सोनोग्राफी करतो, इंदूरचाच. सरांचा वाडा इथेच पुढे चालवतो कारण लॅम्डा साइन त्याच भिंतीची गोष्ट आहे. दोन स्वतंत्र घरं भिंतीला भिंत लावून उभी असली की जिथे दोन भिंती बाहेरच्या बाजूला भेटतात तिथे मध्ये थोडा चुन्या-विटांचा भराव राहतो ना, तसंच दोन वार असताना मधल्या पडद्याच्या मुळाशी वारेचा एक त्रिकोणी तुकडा आत घुसलेला दिसतो, ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा. वाडा एक आणि मध्ये नुसती पातळ भिंत असली की ती सरळ काटकोनात येऊन टेकते, इंग्रजी टी सारखी. हे सगळ्यात चांगलं 11 ते 14 आठवड्यांत दिसतं, पुढे तो त्रिकोण पुसट होत जातो आणि विसाव्या आठवड्याला बघायला गेलं तर कधी कधी कळतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी बघून नीट लिहिलंय, रिपोर्ट चांगला आहे, तो कागद लॅमिनेट करू नका पण सांभाळून फाइलला लावा, पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच आधी मागेल.

आता मनापासून एक सांगतो. घरचे सगळे विचारतात एकसारखी का वेगळी. आम्ही मात्र पहिल्यांदा बघतो ती वार एक की दोन, कारण बाळांची तब्येत त्याच्यावर अवलंबून असते, एकबीज-द्विबीजावर नाही. वार दोन असतील तर प्रत्येकाला आपापला रक्तपुरवठा, तपासणी साधारण चार-चार आठवड्यांनी, आणि सगळं ठीक असेल तर 37-38 आठवड्यांपर्यंत जाता येतं. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बघावं लागतं आणि डिलिव्हरी 36-37 च्या सुमारास, आणि पिशवी पण एकच असेल तर नाळा एकमेकींत गुंततात म्हणून 32-34 आठवड्यांना सिझेरियन. ताई, तुमचं पहिल्या गटात आहे, म्हणजे जुळ्यांतली सगळ्यात कमी काळजीची जागा. तरीही जुळं म्हणजे जुळंच, निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आधी येतात, बीपी-शुगर-रक्त ह्यांच्याकडे लक्ष द्या, एकही तारीख चुकवू नका.

परदेशातल्या लोकांना एक सोपी खूण मिळते, एक मुलगा एक मुलगी दिसली की जवळजवळ नक्की द्विबीज. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने लिंग सांगता येत नाही आणि मी कोणालाही सांगत नाही, तेव्हा ती खूण जन्मानंतरच. ‘जवळजवळ’ का म्हटलं ते पण सांगतो, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका बाईंना सहाव्या आठवड्याला वार एकच दिसली आणि चौदाव्या आठवड्याला एक मुलगा एक मुलगी! एकाच बीजांडात दोन शुक्राणू शिरले होते, आईकडून दोघं सारखी आणि वडिलांकडून अर्धवट सारखी, 2019 मध्ये ती केस छापून आली. अख्ख्या जगात अशी तोपर्यंत दुसरीच नोंद होती.

एक विचारू का, उत्तर इथे द्यायचं नसेल तर देऊ नका. अंडं तयार व्हायच्या गोळ्या चालू होत्या का? आणि तेव्हा फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं ज्यात वाढतं ते फॉलिकल किती मोठं झालं आणि फुटलं का हे बघायची सोनोग्राफी, झाली होती का? झाली असेल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कागदावर असेल.

सुदामानगर_आई

मी इथे कधी लिहीत नाही, पण वर वार एक का दोन हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या वेळी पहिल्या रिपोर्टात फक्त ‘ट्विन प्रेग्नन्सी’ एवढंच लिहिलं होतं. वार एक आहे का दोन, पिशव्या किती, काही नाही. मला काय माहीत की असं काही लिहायचं असतं, आम्ही तर दोन आहेत ह्याच आनंदात होतो. बाराव्या आठवड्यानंतर पुढची सोनोग्राफी एकदम विसाव्या आठवड्यानंतर ठेवली होती. एकविसाव्या आठवड्यात चार-पाच दिवसांत माझं पोट इतकं वाढलं की साडीच्या निऱ्या बसेनात, रात्री आडवं झालं की श्वास पुरायचा नाही, सगळे म्हणाले जुळं आहे, असंच होतं.

सोनोग्राफीत कळलं की वार एक होती. वारेच्या आत दोघींच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या आणि एकीचं रक्त दुसरीकडे जात होतं. एकीच्या पिशवीत 11 सेंटीमीटर पाणी आणि दुसरीच्यात जवळपास नाहीच, पडदा तिच्या अंगाला असा चिकटलेला की ती हलत नव्हती, स्क्रीनवर मी पाहिलं, एक हात पाय झाडून राहिली होती आणि दुसरी कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवल्यासारखी गप्प. त्याच रात्री गाडी करून मोठ्या शहरात गेलो, तिथे पोटातून दुर्बीण घालून लेझरने त्या वाहिन्या बंद केल्या. मोठी वाचली. धाकटी दोन दिवसांनी गेली.

मोठी 33 आठवड्यांना आली, 1.6 किलो, आता तिसरीत आहे. तिला माहीत आहे की तिला बहीण होती.

तिथल्या डॉक्टरांनी मला शांतपणे बसून समजावलं होतं की एक वार असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जुळ्यांत हे होतं, सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघितलं तर लवकर सापडतं, आणि पूर्वी नुसतं पाणी काढायचे पण 2004 च्या मोठ्या अभ्यासानंतर लेझरच जास्त चांगलं ठरलं. माझं पंधरा दिवसांनी कोणी बघितलंच नाही कारण कोणाला माहीतच नव्हतं की बघायचंय. सूनबाई, तुझ्या रिपोर्टात ते एक वाक्य आहे. ज्या कोणी हे वाचून राहिल्या असतील आणि ज्यांच्या रिपोर्टात नसेल त्यांनी चौदा आठवड्यांच्या आत परत जाऊन विचारा, लाजू नका, बाहेर गर्दी असली तरी विचारा.

रामबाग_डबल

ताई… काय बोलू कळत नाही. तुमच्या लेकीला खूप प्रेम, दोघींनाही.

काळापांढरा_पडदा

सुदामानगरच्या ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो. मी आजपासून पेशंटला रिपोर्ट देताना ते वाक्य तोंडाने पण सांगणार.

गोठा_महू

मी महूजवळ गुरांचा डॉक्टर आहे, माझ्याकडे फक्त त्या बाईंच्या वाक्याचं उत्तर आहे जिने तुमची झोप उडवली. ते माणसांचं नाहीच, ते गाईंचं आहे. गाईला जुळं झालं आणि एक गोऱ्हा एक कालवड असेल तर दहातल्या नऊ वेळा कालवड वांझ निघते, कारण गाईत दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या फार लवकर जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडचे हार्मोन कालवडीच्या अंगात जाऊन तिची गर्भाशयाची वाढ बिघडते. अमेरिकेतल्या लिली नावाच्या शास्त्रज्ञाने 1916 मध्ये हे उलगडलं, आमच्याकडे अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी माहीत होतं आणि त्यातूनच कोणीतरी ते बायकांना चिकटवलं असणार. माणसात मुलगा-मुलगी म्हणजे जवळजवळ नेहमीच वार दोन, दोघांचं रक्त आपापलं. भावाबरोबर जन्मलेल्या मुलींना मुलं होतात, माझी सख्खी आत्या अशीच, तिला तीन मुलं आहेत. निवांत झोपा.

लोकमान्यनगरची_सून

सगळ्यांना उत्तर देते, जरा वेळ लागला. सुदामानगरच्या ताई, तुमचं वाचून मी आणि सासूबाई दोघी रडलो. त्यांनी काल देवापुढे तिसरा दिवा लावला, कशासाठी ते बोलल्या नाहीत पण मला कळलं.

सोनोग्राफीवाले दादा, हो, गोळ्या चालू होत्या. मला पीसीओडी आहे, दोन वर्षं काही होत नव्हतं, लेट्रोझोलच्या गोळ्या चालू होत्या, आणि हे मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून काल कपाटातल्या साड्यांखाली ठेवलेली फाइल काढली. तेराव्या दिवशीच्या कागदावर लिहिलंय, उजव्या बाजूला फॉलिकल 19 एमएम, डाव्या बाजूला 21 एमएम. पंधराव्या दिवशी, दोन्ही रप्चर्ड. तो कागद मी तेव्हा पण पाहिला होता पण मला फक्त ‘रप्चर्ड’ ह्याच शब्दाशी मतलब होता, दोन आकडे आहेत हे डोक्यात शिरलंच नाही. म्हणजे दोन अंडी, एक उजवीकडून एक डावीकडून, बरोबर ना सर?

फाइल पसरून बसले होते तेवढ्यात सासूबाई आल्या. मग सगळं सांगून टाकलं, गोळ्यांचं पण. मला वाटलं रागावतील. त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या दोन वर्षं एकटी गिळत होतीस ह्या, मला सांगायचं तरी.

निवृत्त_मास्तर_इंदूर

बरोबर. दोन बाजूंची दोन फॉलिकल फुटली, दोन वार आहेत, तेव्हा द्विबीज असण्याचीच शक्यता खूप मोठी. पूर्ण शिक्कामोर्तब डीएनएनेच होईल, कारण एक बीज वाया जाऊन दुसऱ्याचे दोन झाले असं पण घडू शकतं, पण ते फार लांबचं. एक बीज उजव्या नळीतून आलं आणि एक डाव्या नळीतून, दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच घरात उतरली आणि आता शेजारी शेजारी आहेत.

आणि शेजाराची त्यांना जाणीव असते बरं का. इटलीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये पाच जुळ्या जोड्यांचं सोनोग्राफीवर चित्रण केलं होतं, चौदाव्या आठवड्यापासून बाळं शेजारच्या बाळाकडे हात नेताना दिसली, आणि अठराव्या आठवड्यापर्यंत तसे हात नेणं वाढलं, शिवाय शेजाऱ्याकडे जाणारा हात गर्भाशयाच्या भिंतीकडे जाणाऱ्या हातापेक्षा जास्त हळुवार होता. पुढच्या सोनोग्राफीला मधल्या पडद्याकडे बघा.

लोकमान्यनगरची_सून

सोळाव्या आठवड्याची आत्ताच करून आले, घरी पण गेले नाही, बाहेर बाकावर बसून टाइप करून राहिले आहे. खाली डावीकडे आहे ती ‘ए’, वर उजवीकडे ‘बी’, डॉक्टरांनी अशीच नावं लिहिली आहेत. ह्या वेळी गर्दी होती तरी विचारलं. त्यांनी मशीन थांबवून पडदा दाखवला, पांढरी बारीक रेघ, आणि ‘बी’चा हात त्या रेघेवर होता, पाची बोटं उघडी. ‘ए’ पाठ करून झोपलेलं. दोघांची वाढ तारखेप्रमाणे, दोघांभोवती पाणी बरोबर. पुढची तारीख वीस आठवड्यांची.

सासूबाईंनी कुंच्यांसाठी काल परत कापड आणलं, एक पिवळं फुलाफुलांचं, एक निळ्या चौकड्यांचं.